नाझलीची बोलती बंद

बेयपाझारी, ३ मार्च १९८६

चि. गुलतेन हीस आजीचे अनेक आशीर्वाद व दोन्ही डोळ्यांचे पापे. वि. वि.

तिकडे चोरुमच्या शाळेत मुलांकडून रोज पाठांतर करून घेतेस म्हणे. मग त्यांच्यातल्याच एखाद्याला विचार, की बेयपाझारीत एक आजी आणि एक मांजर राहतात, त्या कोणाच्या? त्याला आठवत असेल. तुझं काही खरं नाही.

मी मजेत. शेजारची सेहेर नेहमीसारखी लिहून देते आहे, पण हल्ली ती फार पुटपुटते. नवी सून होती तेव्हा चांगली खणखणीत बोलायची. मशिदीतला नवा माणूसही तोंडातल्या तोंडात बांग देतो. या गावाला झालंय काय, कोण जाणे.

आता तुझ्या महाराणीचं. केस गळायला लागलेत. पुलावात केस, कोटावर केस, नमाजाच्या चटईवर तर दुसरं मांजर तयार झालंय. तुझा तो नाजूक ब्रश मी ठेवून दिला आणि शेळ्यांची लोकर विंचरायची माझी फणी काढली. आधी पाठ, मग शेपटी. कानामागच्या गाठी बोटांनीच सोडवायच्या. कात्री मी कुणाला लावू देत नाही. विंचरताना निळा डोळा मिटते आणि पिवळ्या डोळ्याने माझ्यावर नजर ठेवते.

पण पोरी, नाझली मुकी झाली ग. तोंड उघडते, दात दिसतात, आवाज नाही. पूर्वी मांडीवर बसली की जात्यासारखी घरघरायची, तेही बंद. तुझाच ध्यास घेतलाय तिने. बिचाऱ्या जिवाला असं झुरताना मला बघवत नाही. चोरुमच्या बसवाल्याशी बोलून ठेवलंय. टोपलीत घालून पाठवते. घरमालकीण कुरकुरली तर तिला माझं नाव सांग. माझं काय, घरातले केस तरी जातील.

आणि मागच्यासारखे फुटाणे धाडू नकोस. माझ्या दातांशी वैर आहे का तुझं? मऊ अंजिरं असली तर बघ. लोभ आहेच तुझा, तो कधीतरी पत्रातूनही दिसू दे.

तुझी आजी,
मकबूले

ता. क. गुलतेनताई, हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, आजींना ठाऊक नाही. नाझली दिवसभर ओरडते, भिंतीपलीकडे आम्हांला ऐकू येतं. आत्ताही आजींच्या मांडीवर घरघरतेच आहे. आणि मी पुटपुटत नाही हो, ओरडून ओरडून घसा बसलाय माझा. त्यांना सांगायचं कसं? आजींनी टोपली दाराशी आणून ठेवलीय, पण तिच्याकडे पाठ करून बसतात. – सेहेर


चोरुम, ८ मार्च

ती. आजीस, तुझे हात चुंबून कपाळाला लावते. वि. वि.

नाझलीला बसमध्ये बसवण्याआधी माझं एक ऐक, मग हवं ते कर. तिला विंचरून झालं की छातीवर घे, तिच्या गळ्याखाली तळवा ठेव आणि डोळे मिट. हाताला काय लागतं ते कळव. काहीच लागलं नाही, तर मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन.

आणि लागलं, तर माझ्यावर चिडू नकोस. सणाच्या सुट्टीत येतेच आहे, तेव्हा आपण दोघी अंकाऱ्याला जाऊन येऊ. कशाला, ते तुझं तुला कळेल.

लोभ आहे तसाच राहो. नाझलीपेक्षा चिमूटभर जास्त मिळाला तरी चालेल.

तुझी,
गुलतेन


बेयपाझारी, १५ मार्च

चि. गुलतेन हीस अ. आ. वि. वि.

हात ठेवला. आख्खं जातं फिरतंय ग आत! तळव्याला लागलं, छातीत उतरलं, कानात मात्र काही नाही. मग सगळं एकदम ध्यानात आलं: सेहेरचं पुटपुटणं, ती बांग, दार वाजवून परत गेलेला दूधवाला, ज्याला मी आळशी म्हणाले. पांढरं मांजर, त्यात एक डोळा निळा, म्हणजे बहिरं निघणारच, असं सगळे म्हणायचे. घरात एक बहिरी निघाली खरी, पण तिचे दोन्ही डोळे काळे आहेत.

सेहेरला विचारलं, ठाऊक असून गप्प का राहिलीस? तर रडायला लागली. म्हटलं, रड, पण कागदावर नको, शाई पसरेल. बांग देणाऱ्याच्या घरी मध धाडला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

आता नाझली कुठेही येत नाही. त्या टोपलीत मी तिचे विंचरलेले केस साठवते आहे. शेळीच्या लोकरीत मिसळून तुझे मोजे होतील. मांजर मागायला आलीस तर मोजे घेऊन जा. अंकाऱ्याला येईन, पण तुझ्यासोबतच; तिथे डॉक्टरने कितीही ओरडून सांगितलं तरी मला तुझ्याच तोंडून समजून घ्यायचंय. तोवर नाझलीचं मी हाताने ऐकते. आम्हां दोघींवर लोभ ठेव.

आणखी एक. परवा बरणीच्या तळाशी तुझे ते फुटाणे सापडले. चावून बघितले, तर डोक्याच्या आत काय कडाकडा वाजलं म्हणून सांगू! या हिवाळ्यात इतकं खणखणीत मी काही ऐकलंच नव्हतं. तेव्हा अंजिरं राहू देत. फुटाणे पाठव, दोनदा भाजलेले, चांगले कडक.

तुझी आजी,
मकबूले