गंज, बीट आणि आपले यजमान

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

आपले गुडघे आता जिन्याचं ऐकतात का? इकडे सगळे ठणठणीत आहेत, आपली लेकही. मध्यंतरी तिचं पोट बिघडलं होतं, पण त्यात माझाच हात होता, म्हणून ते आजारात धरत नाही. (सविस्तर सांगते, घाबरू नका.)

वर्ष उलटलं तरी दिवस राहत नाहीत म्हणून पोरगी आतल्या आत कुढते, हे आपण जाणताच. तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, काकू, आपण काय करता? म्हटलं, रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. त्यांना हायसं वाटलं. म्हणाल्या, मग सोपं आहे, लोखंडाला गंज चढतो तसंच काहीसं. शरीरात उपद्रवी कण तयार होतच असतात, शरीर त्यांना आवरतंही. पण ते आवरेनासे झाले की अंडाशयातल्या स्त्रीबीजांना इजा करतात. आणि बीजं जन्मताना मिळतात तेवढीच, नवा माल येत नाही. (शेवटचे शब्द माझे.)

गंज म्हटल्यावर मी गप्प बसते होय? सारा जन्म गंजावरच पोट भरलंय. विचारलं, प्राइमर कोणता? त्या हसून म्हणाल्या, भाज्या-फळं खाऊ दे. झालं! दुकानात मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगते, रंगाच्या एका हातावर भागवू नका, दुसरा हात मारा. तसे बीटाचे हात सुरू केले. सकाळी बीट, दुपारी गाजर, संध्याकाळी दोन्ही, वर माझ्या बहिणीने धाडलेल्या कसल्याशा गोळ्या. सूनबाईंची जीभ जांभळी झाली आणि पोटाने संप पुकारला. पुन्हा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी माझी अशी काही खरडपट्टी काढली की दुकानातला पॉलिश पेपर लाजावा. गोळ्यांनी दिवस राहतातच असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, विचारल्याशिवाय एकही द्यायची नाही. साधं जेवण, पुरेशी झोप, आमच्या मुलाचीही तपासणी, आणि सिगारेटचा धूर नको, दुसऱ्याने सोडलेलासुद्धा. अगं बाई, हे तर मीच रोज गिऱ्हाइकांना कानीकपाळी ओरडून सांगते: आधी गळती थांबवा, मग रंग!

असो. आपल्या गुडघ्यांना मी विचारलं म्हणून सांगा.

आपली विहीण

ता. क. गळती सापडली. रविवारी आपले यजमान आमच्याकडे बुद्धिबळाला येतात, आणि दोघे व्याही गॅलरीत ‘विचार करायला’ जातात. तो विचार थेट सूनबाईंच्या खोलीत शिरतो. आमच्या ह्यांची पाकिटं मी जप्त केली. आपल्यांना आपण आवरा. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. मुलगा तपासणीला तयार झालाय. तोंड पाडून बसला होता. (बापावर गेलाय.)

ता. क. आई, ही मी. पत्र टपालात टाकायला सासूबाईंनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. एक गोष्ट त्यांनी लिहिलीच नाही. माझी बीजं वयाच्या मानाने कमी आहेत, खात्री देता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मला रडूच फुटलं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, “मूल आलं तर आनंदच आहे. पण तू असताना माझं घर रिकामं आहे, असं कुणी सांगितलं गं तुला?” आणि मग माझ्यापेक्षा जास्त त्याच रडल्या.

बाबांना आवर. आणि तू परवा पाठवलेली गाजरं सासूबाईंच्या नजरेला पडायच्या आत मी शेजारी देऊन टाकलीत. आता तू दुसरा हात मारू नकोस.