हिरवी ग्रिप

मंगळवार, संध्याकाळ

दुकानदाराने विचारलं, "एकेरी खेळता की दुहेरी?" बॅडमिंटनच्या दुहेरीतली माझी इतक्या वर्षांची जोडीदार, नंदा, शेजारीच उभी. मी म्हणाले, "दुहेरी." एकेरीसाठी पसंत केलेली, डोक्याकडे जड रॅकेट गुपचूप खाली ठेवली.

"हलकीच घे गो, नेटजवळ पटकन फिरते," म्हणत नंदाने एका हलक्या रॅकेटच्या मुठीला हिरवी ग्रिप लावून घेतली. स्वतःच्या जुन्या रॅकेटलाही तीच हिरवी. "आता जोडी शोभते."

मिरजोळ्याच्या स्पर्धेत यंदा मी फक्त एकेरीत नाव दिलंय. तिला सांगायला काय झालं होतं मला? दुकानात नाही, रिक्षात नाही. सगळा रस्ता त्या हिरव्या ग्रिपकडे बघत बसले.

आमची नावं दरवर्षी मीच देते. मघाशी तिचा फोन आला, "दिलीस ना गो आपली नावं?"

मी "हो" म्हणाले.