कमळाबाईंच्या टिकल्या

रविवार, संध्याकाळ. पांडेसरा.

आज मन भरून आलंय, तरी एक गोष्ट टोचते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांची नजर तपासायला आज कमळाबाईंकडे गेले. मूळच्या नंदुरबारकडच्या; इथं घरी बसून शेठच्या साड्यांवर चमकत्या टिकल्या चिकटवायचं काम करतात. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळसुद्धा त्यांनी बरोबर ओळखली. नजर उत्तम म्हणून मी उठणारच होते, तेवढ्यात सून म्हणाली, "मग आई साडीला टिकल्या उलट्या का चिकटवतात? शेठ आता माल देत नाही."

कमळाबाई ओशाळल्या. "दूरनं समदं दिसस व माय, हातमाधलं नही दिसत."

जवळचं दिसतं का, हे आमच्या तपासणीत कुणी विचारतच नाही. असं कसं? ज्यांचं पोट त्या टिकल्यांवर आहे, त्यांना भिंत दिसून काय उपयोग? उद्यापासून मी प्रत्येकाला विचारणार.

पिशवीतले जवळचे चष्मे एकेक लावून पाहिले. एक बसला. कमळाबाईंनी टिकली उचलली, चमकती बाजू वर केली आणि नेमकी फुलाच्या मध्यावर चिकटवली. मग सून टिकल्या लावत होती ती साडी ओढून घेतली आणि एका टिकलीवर बोट ठेवलं.

"हाई तं तुन्ही वाकडी शे!"

सगळ्यांत मोठ्याने सूनच हसली.