ओवाळणीची खडी

नवघर, रविवार

प्रिय स्वप्नील,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय आणि आजच तुझ्या दाराखाली सरकवतोय.

गेल्या भाऊबीजेला तू टेम्पोभर खडी आणून आमच्या परसातल्या बदकांच्या कुंपणात ओतलीस. ‘ताई, ही माझी ओवाळणी. चिखलाची कटकट कायमची मिटली!’ मी म्हटलं, ही क्रशरची खडी आहे, धारेची. बदकाचा तळवा मऊ असतो. त्यावर तू सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणालास, ‘दाजी, तुम्ही तुमचं लेथ मशीन सांभाळा. शेतीची डिग्री माझ्याकडे आहे.’ सगळे हसले. तुझी ताईसुद्धा. ते हसणं मी विसरलेलो नाही.

दुसऱ्याच दिवशी मी ती खडी उचलली असती. पण भावाची ओवाळणी परत कशी करायची? तुझी ताई, मनोरमा, हात लावू देईना. ‘त्याला काय वाटेल?’ असे तीन महिने गेले. सातही बदकं लंगडायला लागली. तळव्याला सूज, मधोमध काळी खपली. तुझी ताई रोज कोमट मिठाच्या पाण्यात एकेकाचे पाय धरून बसायची. तरी त्यांतली तिची लाडकी सुलू गेली. सुलूला पुरून आल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘उचला ती खडी.’ आणि तू काय म्हणालास? ‘दाजींना निगा राखता आली नसेल.’

मग मी शिकलो. कुणाला विचारलं नाही. आधी भाताचं तूस टाकलं. धुरळ्याने बदकं शिंकायला लागली. बारीक भुसा ओला झाला की त्याला बुरशी धरायची. शेवटी काशीमीऱ्याला एका गोदामात लाकडी खोकी बनवतात, तिथून रंध्याची सालपटं आणली. प्लायची नाहीत, त्यात गोंद असतो. चार बोटं जाड थर, वर कोरडा पेंढा. पाण्याच्या टबाभोवती फक्त नदीतले गोल गोटे, त्यांच्याखाली निचऱ्याचा चर. एका कोपऱ्यात हरळी लावली, तिच्यावर जाळीची चौकट. बदकं वरची पाती खुडतात, पण चोच मुळापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी ओलं तेवढं काढायचं, उरलेलं दाताळ्याने खालीवर करायचं. मग गुडघ्यावर बसून तळहात दाबून बघायचा. हात ओला झाला तर थर बदलायचा. हे कुठल्या डिग्रीत शिकवत नाहीत, स्वप्नील. वाकावं लागतं.

आता पत्राचं कारण. उत्तनच्या ज्या रिसॉर्टचं बदकघर तू सांभाळतोस, त्याचे मालक भरतभाई आमची बदकं बरी झाल्याचं ऐकून परवा घरी आले होते. चाळीस बदकं, निम्मी लंगडी. तिथेही तू तीच खडी टाकलीस! माझं कुंपण बघून म्हणाले, ‘गुणवंतभाई, अब से आप ही देखो. लेकिन वो लड़का आपका साला है ना? आपके हाथ के नीचे रख लूँ?’ मनोरमा चहा घेऊन दारातच उभी होती. मी नुसतं ‘हां’ म्हटलं असतं तर तुझी नोकरी राहिली असती. मी ‘नहीं’ म्हटलं. विचार करून म्हटलं. हे तुला भरतभाईंकडून कळण्याआधी माझ्या अक्षरात कळावं, म्हणून हा खटाटोप. उद्या उत्तनला जाऊ नकोस. फाटकावर मी असेन. तुझी ताई परवापासून माझ्याशी बोलत नाही. बोलेल. मला थांबायची सवय आहे.

तुझाच, पण आता तुझ्या जागेवरचा,
गुणवंतदाजी