बटणावरची चिकटपट्टी

प्रिय ठकू,

कुणाच्याच बाजूचं नसणं किती महाग पडतं, त्याचा हिशेब आज मांडून बसलोय. तुझा मामा त्यापायी तुटला. त्याच्या पक्षाच्या सभेला भोंगे दिले नाहीत म्हणून तो अजून आपल्या जिन्याची पायरी चढत नाही. निवडणूक म्हणजे आम्हा लाऊडस्पीकरवाल्यांची सुगी, आणि नेमके त्याच दिवसांत माझे भोंगे धूळ खात पडलेले. तुझी आई म्हणते, "लोकांचे नवरे राजकारणात जाऊन घर बुडवतात, माझा न जाता बुडवतो." तिच्यापुढे बोलायची माझी टाप नाही.

आमचा मंच कुठल्या पक्षाचा नाही, हे तुला मी काय सांगावं! शाळेचं ते सभागृह, स्टेजवर एका रांगेत सगळे उमेदवार, समोर प्रश्न विचारणारे लोक, सगळ्यांना सारखाच वेळ आणि एकच माईक. पहिला उमेदवार उभा राहिला की मी आवाज जुळवायचो आणि बटणावर चिकटपट्टी मारायचो. मग कुणी मंत्र्याचा जावई येवो, पट्टी निघायची नाही. लहानपणी तू स्टेजमागे गुंडाळलेल्या सतरंजीवर पालथी पडून ऐकायचीस. एकदा घरी येताना मागच्या सीटवरून म्हणालीस, "बाबा, ते काका मागच्या वेळीही पाण्याबद्दल हेच बोलले होते ना?" मी एवढा हसलो की स्कूटर खड्ड्यात गेली. खड्डाही त्या काकांच्याच वॉर्डातला.

म्हणून तू अपक्ष उभी राहिलीस तेव्हा मला नवल वाटलं नाही. पण तेव्हापासून बूड कुठे टेकत नाही. दुकानात वायरी गुंडाळतो, पुन्हा सोडतो, परत गुंडाळतो. परवा न्हाव्याकडे बसलो होतो, अर्ध्या गालाला साबण. पडद्यापलीकडे तुझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या डेअरीवाल्याचा माणूस म्हणाला, "ज्याच्या हातात बटण, त्याचीच पोरगी उभी! कसला आलाय निःपक्ष मंच?" दुसरा म्हणाला, "अरे, पण तो पट्टी लावतो ना?" तर हा म्हणतो, "लावतो की, आपल्या डोळ्यांना!" माझे कान तिखट, हीच पंचाईत. अर्धी दाढी घेऊन उठता येईना, म्हणून ऐकत बसलो. आणि खरं सांगू का, त्या डेअरीवाल्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

काल मंचाच्या अध्यक्षबाईंकडे राजीनामा घेऊन गेलो. म्हटलं, मी नाही, माझे भोंगेही नाहीत, माईक दुसरीकडून आणा. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "घाई केलीत, असं म्हणवत नाही हो." तुझ्या बाबाला मेलं गप्प बसवतं कुठे! छाती काढून म्हणालो, "बाई, आता बघाच. आपल्या स्टेजला नाही म्हणणारा उमेदवार अजून जन्माला यायचाय." बाईंनी माझ्यादेखत तुझ्यासमोरच्या दोन्ही उमेदवारांना, वकिलाला आणि डेअरीवाल्याला, फोन लावले. दोघेही म्हणाले, विचार करून कळवतो.

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. रविवारी मंचाची सभा आहे, आणि एकटाच उमेदवार आला तर सभा भरवायची नाही, हा मंचाचा नियम. एकट्याची सभा म्हणजे प्रचारच की. तेव्हा तू स्वतः त्या दोघांच्या दारी जा. म्हणावं, बाबा आता मंचात नाहीत, या आणि माझ्याशेजारी बसा. वकील तुझ्यापेक्षा चांगला बोलतो, मला ऐकू येतं. त्याला आणलंस तर तुझीच मतं कमी होतील कदाचित. तरी जा. तू हरलीस तर घरी येशील, माझ्यावर चिडशील, चार दिवसांनी जेवायला बसशील. ही सभा एकदा माझ्या पोरीपायी मोडली, तर पुढच्या निवडणुकीला तिकडे कोण फिरकणार? नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, फक्त उद्या सकाळपर्यंत ठरव. बाईंचा निरोप आत्ताच आला. आतापर्यंत होकार एकाच उमेदवाराचा आहे, तुझा.

तुझाच,
बाबा