बांधावरची वरात

६ डिसेंबर १९६४, आर्णी

कंडक्टर ओरडला, "चला, वऱ्हाडी उतरा!" सगळी मोटार हसली. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला गवत भरलेली माणसं — अख्खी वरात! मडक्यांची तोंडं, अंगात जुने सदरे. एकाच्या गळ्यात रॉकेलच्या डब्याचा ढोल, दुसऱ्याच्या तोंडाला पत्र्याचं नरसाळं, पिपाणीसारखं. मोडक्या छकड्याचा घोडा, त्याला अंबाडीची शेपटी. वर बाशिंग बांधलेला नवरदेव. मीही हसले. मग विहीर ओळखीची वाटली. आमचंच वावर! नवरदेवाच्या डोक्याला बाबांचा फेटा!

तिथे उतरलेच नाही. सरळ आर्णीला गेले नि पायी मागे आले.

७ डिसेंबर, यवतमाळ

काल बाबांना विचारलं, "कोणाची वरात ही?"

"असंल कोनाची तरी." हात सुतळीतच.

आई चुलीपाशी फणफणत होती. "मी बोलून राह्यली तं आयकतेत काय? कापूस येचाचा पडला, अन् हे बाजेवाले बांधून राह्यले. मले काहून इचारतं, वच्छे?"

कोणाची ते मला काय कळत नाही? सहा वर्षांमागे माझ्या लग्नाचं वऱ्हाड शिवेवरून परत गेलं. घरात पुन्हा तो विषय कोणी काढला नाही, बाबांनी तर कधीच नाही. आणि आता हे! थेट सडकेवर मांडलं!

१५ डिसेंबर

शाळेत फळ्यावर कोणीतरी घोडा काढला होता, वर नवरदेव. पोरी माझ्याकडे बघत होत्या. पुसला. गणित शिकवलं.

२७ डिसेंबर, आर्णी

वरातीपुढे चहाची हातगाडी लागली! राळेगावहून ट्रक भरून माणसं आली होती पाहायला. एक नवं जोडपं तर घोड्यापुढे नारळ फोडून गेलं. बाबा कोणाशी बोलत नाहीत. कोणी हसलं तरी मान वर करत नाहीत. वाळलेत फार.

डबे-पत्रे देतो तो आर्णीचा रहेमान सायकलवाला. त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, "रहेमानभाई, बाबांना आता काही देऊ नका."

"मी नाही देल्लं तं ते दुसऱ्याकडून आनतीन, बाई. मायाकडं येतेत तं घडीभर बसतेत तरी. पाणी पेतेत."

मी तशीच परत फिरले.

१० जानेवारी १९६५

आज ठरवूनच गेले. कोणाला काही न विचारता नवरदेवाचा फेटा ओढला. बाबांनी माझं मनगट धरलं. चिडले असते, एखादी थोबाडीत दिली असती तरी बरं झालं असतं. नुसते बघत राहिले. "राहू दे, बाई. आता थोडंसंच राह्यलं."

मी फेटा सोडून दिला. माझ्याने नाही होत.

१९ जानेवारी

अवकाळी पाऊस. कंडक्टरबरोबर आईचा निरोप — बाबा पावसात भिजत बाजेवाल्यांवर पोती टाकत फिरले, आता ताप आहे. रजा मागितली. मिळाली नाही.

३१ जानेवारी, आर्णी

ताप अंगात, तरी बाबा बांधावरच. मी गेले तेव्हा पोलीस पाटील आलेले. "पुंडलिकराव, बैलं बुजतेत लोकाइचे. काढा हे सारं."

बाबांनी हात जोडले. "आठ रोज द्या, पाटील. मंग मीच काढतो."

माझं वऱ्हाड परत गेलं तेव्हा नवऱ्याच्या बापापुढे असेच जोडले होते. मी तेव्हाही दारात उभी होते. आजही नुसती उभी राहिले.

७ फेब्रुवारी

आज बाबांनी नवरी उभी केली. माझ्या कमरेएवढी! अंगात लाल फुलांचा फ्रॉक.

"नंदाचा," आई म्हणाली.

नंदा — माझी धाकटी बहीण. सहाव्या वर्षी देवीच्या साथीत गेली.

"काल तिची पेटी उघड म्हनले, तवा समजलं मले, वरात कोनाची ते. यंदा इसाची झाली असती, लग्नाची."

बाबांनी हळदीची वाटी माझ्या हातात दिली. "तू मोठी हायेस. तू लाव."

खाली बसले. मडक्याच्या गालांना हळद लावली. तोंडातून निघून गेलं — नंदे, हलू नको.