लालीला सोडायला गेलो होतो

६ नोव्हेंबर

लालीला सोडायला गेलो होतो. घेऊन परत आलो.

टिकारामचं म्हणणं — माझ्या बायकोचा, शामकलाचा, भाऊ तो, महिनाभर त्याचंच ऐकून घर चाललंय — की कुत्री घरात ठेवू नका. "लोकं तिले पायतात अन् त्यायले पिकअप आठवते." खरं आहे. आमचा अश्विन पिकअप घेऊन जिथं जाई तिथं ही बाजूच्या सीटवर. त्या दिवशीही होती. पोलीस यायच्या आधी ही एकटीच रस्त्यानं चालत घरी आली. त्यावरूनच शामकलाला कळलं की पोराचं काहीतरी झालं.

म्हणून आज तिला पोत्यात घातलं, तोंड तेवढं बाहेर, आणि मोटारसायकलवर पुढ्यात घेतलं. देवरीच्या पुढं हायवेवर ढाबे आहेत. तिथं उष्टं मिळतं. एका ढाब्याच्या मागं उतरवली. पळाली नाही. नळाखालचं पाणी प्यायली आणि कुशीवर आडवी झाली. तेव्हा पोट दिसलं. आचळं भरलेली.

भांडी घासणारी बाई म्हणाली, "गाभण हाय ना हे. कायले सोडून राहिले?"

मी लालीला उचललं, परत पोत्यात घातलं.

दया आली असं लिहिणार नाही. आली नाही. उतरवलेलं परत चढवलं, एवढंच. हातांनीच केलं ते.

७ नोव्हेंबर

शामकलानं लालीला बघितलं. आत गेली. पेजेत मीठ कमी होतं. तशीच प्यायलो.

१२ नोव्हेंबर

सकाळी चक्की सुरू केली. थोडा वेळ नुसता पट्टा फिरला. बंद केली.

गावात माझी एकच पिठाची चक्की. आता लोक दळणाचा डबा सायकलला बांधून पुढच्या गावाला जातात. माझ्या दारावरूनच जातात. कोणी शिवी देत नाही, कोणी थुंकत नाही. बघत नाहीत, बस.

निर्मलाबाई दर आठवड्याला यायची. तांदळाचं पीठ तिला फार बारीक लागे. दोनदा काढायला लावायची आणि चिमटीत घेऊन बघायची. त्या दिवशी तालुक्याच्या गोरेगावचा बाजार करून रस्त्याच्या कडेनं चालत येत होती. अश्विन प्यायलेला होता. धडक दिली आणि थांबला नाही. थांबला असता, उचलून दवाखान्यात नेलं असतं तर वाचली असती — असं लोक म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतातल्या झोपडीत सापडला. मीच शोधून काढला. मीच ठाण्यात नेला. त्यानंतर मी त्याला बघितलेलं नाही. प्यायलेला होता म्हणून कलम मोठं लागलं, जामीन झालेला नाही. भंडाऱ्याच्या जेलात आहे.

निर्मलाबाईचा नवरा दुधराम. आमच्या ओळीतच घर. आम्ही एकाच वर्गात होतो, एकाच तळ्यात पोहायला शिकलो. तेरवीला मी निघालो होतो. त्याच्या आंगणातला मंडप दिसला. तिथूनच मागं वळलो.

२० नोव्हेंबर

शामकला टिकारामबरोबर भंडाऱ्याला जाऊन आली. अश्विन बारीक झालाय म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "तुमचं विचारून राहिला होता," म्हणाली.

मी उठून कोठ्यात गेलो. बैल विकल्यापासून कोठा रिकामाच आहे. कोपऱ्यात भाताची तणस पसरली, वर दोन पोती. लाली येऊन बसली.

२४ नोव्हेंबर

लालीचं पोट आता जमिनीला लागतं. भात आणि अंडं देतो. बाकी काही नाही.

२८ नोव्हेंबर

लालीनं सकाळपासून तोंडात काही घेतलं नाही. तणस उकरायची, गोल फिरायची, परत उकरायची. दुपारी व्याली.

मी कोठ्याच्या दारात बसून होतो. पहिलं आलं. तिनं पिशवी फाडली, चाटलं, नाळ तोडली. कोणी शिकवलं असेल! दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्याच्या वेळेला ती थकलेली होती. मान टाकून पडली आणि त्याच्याकडे बघेचना. पिल्लू पिशवीतच. मी गेलो. नखानं पिशवी फाडली, तोंडातलं पाणी बोटानं काढलं आणि पोत्याच्या तुकड्यानं चोळत राहिलो. डोकं खाली करून धरलं. परत चोळलं. काहीच नव्हतं. मग हाताखाली जरासं हललं. आवाज आला — न वंगणलेल्या दारासारखा. लालीच्या पोटाशी ठेवलं. लुचायला लागलं.

पाचवं मेलेलंच आलं. त्यालाही चोळलं. बराच वेळ चोळलं.

शामकला मागं उभी होती, कधी आली कोण जाणे. म्हणाली, "सोडा आता. नाही ते."

विहिरीमागं खड्डा खणला. थंडी आहे, तरी घाम आला.

२९ नोव्हेंबर

शेजारची मनकर्णाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "किती झाले?"

"चार."

"बरं."

घरावर हे आल्यापासून गावातल्या माणसानं मला विचारलेली ही पहिली गोष्ट. आत येऊन शामकलाला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

४ डिसेंबर

थंडी वाढली. कोठ्याच्या खिडकीला पोतं ठोकलं. पिल्लं एकावर एक पडून झोपतात. खालचं रडतं, मग वर येतं, मग दुसरं खाली.

१२ डिसेंबर

डोळे उघडले. चौघांचेही. काय बघतात कोण जाणे.

१६ डिसेंबर

आज हात दुखतायत, पण लिहितो.

सकाळी लाली थरथरत होती. थंडीनं म्हणून अंगावर पोतं टाकलं. चहा पिऊन परत गेलो तर पाय काठीसारखे ताठ, जीभ बाहेर, धाप लागलेली. पिल्लं लुचायला आली की कशीबशी उठायची आणि दूर जाऊन पडायची. डोळे माझ्याकडे, पण मला बघत नव्हते.

पिकअप ठाण्यात उभी आहे. मोटारसायकलवर अशी कुत्री एकट्याला नेता येत नाही. मागं कोणीतरी धरून बसायला हवं. फाटकापर्यंत गेलो. रस्त्यावर माणसं होती. कोणाला हाक मारू? परत वळलो.

कोठ्यात शामकला होती. तिनं अंगावरची चादर काढून लालीला गुंडाळलं होतं. त्या दिवसापासून या कुत्रीला तिनं हात लावला नव्हता. सावली पडली तरी बाजूला व्हायची. आता तिला मुलासारखी उचलून म्हणाली, "गाडी काढा."

मांडीवर घेऊन मागं बसली. गोरेगावला रस्ता एकच. ती जागा येतेच. तिथल्या बाभळीला कोणीतरी हार घातलाय, सुकून गेलाय. मी गाडी हळू केली नाही. शामकलानं माझा खांदा घट्ट धरला. पुढं गेल्यावर सोडला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. बघितल्याबरोबर म्हणाले, दुधातून अंगातलं कॅल्शियम निघून जातं, चार पिल्लं ओढतात, हिच्यात उरलं नाही. वेळेवर आणली. शिरेतून औषध दिलं, अगदी सावकाश, एक हात तिच्या छातीवर ठेवून. आम्ही दोघांनी पाय धरले. मधेच ठोके चुकले वाटतं — डॉक्टर थांबले. मग परत सुरू केलं. हळूहळू पाय सैल पडले. थरथर गेली. तिनं मान उचलली आणि शामकलाचं मनगट चाटलं.

कंपाउंडरनं नाव-गाव विचारलं. सांगितलं. गावाचं नाव ऐकून तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मग औषधाची बाटली पुढं केली, कसं द्यायचं ते नीट सांगितलं. एवढंच.

उद्या दिवसभर पिल्लं तिच्याजवळ सोडायची नाहीत.

१७ डिसेंबर

शामकलानं मला मेडिकलमधून बाळाची दुधाची बाटली आणायला लावली. आंगणात उन्हात बसून एकेका पिल्लाला पाजत होती. एक पदरात, एक मांडीवर, दोन पायाशी ओरडतायत. लालीला मी घरात बांधून ठेवलं होतं. ती तिथून ओरडत होती.

शामकला पिल्लाकडे बघतच म्हणाली, "अश्विन असाच होता. पोट भरलं तरी बाटली सोडत नव्हता."

मी ऐकलं. आत काही हललं नाही. दूध निवलं होतं, गरम करायला गेलो. गॅससमोर उभा राहिलो ते दूध उतू जाईपर्यंत.

१८ डिसेंबर

पिल्लं लालीला परत दिली. थोडा वेळच. तिनं चौघांना हुंगलं, मग आडवी झाली.

२७ डिसेंबर

पिल्लं कोठ्याबाहेर येतात. चपला पळवतात. आज एक माझ्या पायावर झोपलं. पायाला मुंग्या आल्या तरी मी तसाच बसून राहिलो. दुसरं काम तरी काय होतं!

५ जानेवारी

चार पिल्लं ठेवणं व्हायचं नाही. गावात कोणी आमच्या घरचं नेणार नाही, हे न विचारताच कळतं. टोपलीत घालून गोरेगावच्या बाजारात नेली. भाजीच्या ओळीच्या शेवटी बसलो.

एक माणूस आला. माझ्याच वयाचा, चांगल्या घरचा दिसत होता. काळं पिल्लू उचललं, पंजे बघितले, हसला. शेतावर राखणीला कुत्रं हवं होतं त्याला. घरी काय खातात, आई कशी आहे, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. इतकं मी कितीतरी दिवसांत बोललो नव्हतो. मग त्यानं विचारलं, "गाव कोणतं भाऊ तुमचं?"

खोटं सांगता आलं असतं. सांगितलं खरं.

तो जरा वेळ पिल्लाला धरून तसाच बसला. "पिकअपवाल्याचे तुम्ही कोण?"

"बाप."

त्यानं पिल्लू टोपलीत ठेवलं. हळूच ठेवलं, अंडं ठेवावं तसं. "नाई जमणार भाऊ," म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

उतरत्या उन्हात छत्तीसगडकडच्या एका बाईनं एक नेलं. तिनं काहीच विचारलं नाही. तीन परत आणली.

६ जानेवारी

लालीनं परत आलेल्यांना हुंगलं. मग टोपली हुंगली. मग रस्त्याकडे तोंड करून बसली.

१० जानेवारी

शामकला भंडाऱ्याहून आली. पाय धुतले, पाणी प्यायली, मग सांगायला लागली. मी पिल्लांसाठी भात कालवत होतो, तसाच कालवत राहिलो.

तिनं अश्विनला पिल्लांचं सांगितलं. लालीला गोरेगावला नेलं तेही. त्याला आधी हसू आलं म्हणाली. मग म्हणाला, "निर्मलाकाकू लालीले भाकर टाकत होती ना आई." त्यानंतर वेळ संपेपर्यंत जाळीला कपाळ टेकवून बसला. शामकला समोर बसून राहिली. निघताना म्हणाला, "बाबाले म्हणावं, नाही आले तरी चालते."

भात फार मऊ झाला होता. पिल्लांनी खाल्ला. मीही जेवलो.

११ जानेवारी

काही नाही.

१५ जानेवारी

दुधराम आला.

सकाळी, आपणहून. मी आंगणात लालीचं भांडं घासत होतो. उभा राहिलो. तोही उभा. त्याला इतक्या जवळून बघून किती दिवस झाले होते. दाढी पांढरी झाली आहे. शामकला दारात आली आणि तिथंच थांबली.

तो म्हणाला, "जे झालं तेच कोर्टात सांगीन मी, चुन्नीलाल. तुझ्या पोरासाठी एक शब्द कमी करणार नाई."

मी म्हणालो, "नको करू."

पिल्लं त्याच्या पायाशी आली होती, धोतराचा काठ ओढत होती. त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, "घरात आवाज नाही राहिला गा. एक दे."

मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही. त्यानं वाकून, हाताशी आलं ते उचललं आणि सदऱ्याच्या आत धरलं. चहा घेतला नाही. फाटकाशी थांबला.

उद्या येतो म्हणाला — दूध किती पाजायचं ते विचारायला.